नगरपालिकेने भाड्याची घरं बांधावीत का, आणि कर्ज काढून बांधावीत का?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. कित्येक गावांत बऱ्याच वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर सभागृहात लोकांनी निवडून दिलेली माणसं बसली. त्यांतल्याच एका नगरसेविकाताईंचा मला फोन आला. "काका, पुढच्या सर्वसाधारण सभेला अकरावा विषय आहे. 'शहरातील कामगार व आर्थिक दुर्बल घटकांसाठी भाडेतत्त्वावर घरकुले बांधणे व त्याकामी कर्ज उभारणेस मंजुरी देणे.' मी हात वर करू की नको?"

मी सव्वीस वर्षं नगरपालिकांच्या लेखा शाखेत काढली. ताईंना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण असा विषय आज ना उद्या बऱ्याच गावांच्या विषयपत्रिकेवर येणार आहे.

आधी हे लक्षात घ्या की तो एका ओळीचा विषय असला तरी त्यात दोन प्रश्न आहेत. गावात स्वस्त भाड्याची घरं हवीत का, हा एक. ती नगरपालिकेने कर्ज काढून बांधावीत का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर ठाम हो आहे. दुसऱ्याला बहुतेक गावांत नाही, आणि काही गावांत अटी घालून हो.

गरज खरी आहे

चाकण, सिन्नर, खोपोली, तळेगाव अशा एमआयडीसीच्या शेजारच्या कोणत्याही गावात संध्याकाळी सातला दिवसपाळी संपल्यावर एक चक्कर मारा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आत पाच पोरं. दिवसपाळीवाला उठला की त्याच कॉटवर रातपाळीवाला आडवा होतो. भाडं रोख, डिपॉझिट रोख, करारनामा नाही. करारनामा नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, आणि तो नाही म्हणून गॅसच्या जोडणीपासून पोराच्या शाळेतल्या दाखल्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी अडवणूक. यात नुसते परराज्यातले कामगार नाहीत. बीड-परभणीकडून आलेली कुटुंबं आहेत, एसटीच्या कंत्राटी चालकाचं बिऱ्हाड आहे, नगरपालिकेचे स्वतःचे ठेक्यावरचे सफाई कामगारही आहेत.

यांना मालकीच्या घराच्या योजना पुरत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला घर बांधायला अडीच लाखांपर्यंत मदत आहे. पण त्यासाठी एकतर स्वतःची जागा हवी, नाहीतर उरलेली रक्कम भरायची ऐपत. ज्याची नोकरीच अकरा-अकरा महिन्यांची, त्याला कर्ज कोण देणार? आणि तो तीन वर्षांनी याच गावात असेल याचा भरवसा त्याला स्वतःलाही नसतो. सोलापूरजवळ कुंभारीला असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहिली, जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरं लोकांच्या ताब्यात गेली. ते मोठंच काम आहे. पण त्यामागे सोलापुरातच पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या विडी कामगारांची संघटना आणि त्यांनी साठवून भरलेला हिस्सा होता. आज आलेल्या आणि उद्या जाऊ शकणाऱ्या माणसाला ती वाट नाही. त्याला भाड्याचीच खोली लागते. म्हणून मालकीच्या घरांची योजना चालू ठेवा, पण ती या प्रश्नाचं उत्तर समजू नका.

वाट पहिली: पडून असलेली घरं

लहान शहरांतल्या झोपडपट्टीवासीयांना पक्की घरं द्यायला २००५ मध्ये आयएचएसडीपी नावाची केंद्राची योजना आली होती. तिच्यातल्या इमारती राज्यात ठिकठिकाणी अर्ध्या भरलेल्या, अर्ध्या कुलूपबंद उभ्या आहेत. देशभरात अशी रिकामी घरं १ लाख ८ हजारांच्या घरात असल्याचं केंद्राने २०२० मध्ये सांगितलं आणि ती भाड्याने द्यायची योजना आणली. चंदीगडने २,१९५ घरं दिली, सुरतने ३९३. पुढच्या काही वर्षांत देशभर मिळून साडेपाच हजारांच्या थोडी वर घरं भाड्याने गेली. एक लाखातली साडेपाच हजार, हा आकडा मला फार बोचतो.

हे का झालं ते अशा एखाद्या इमारतीत शिरलं की दिसतं. मी एकीत गेलो होतो. तळमजल्यावरच्या मीटरच्या पेट्या उचकटून तांब्याची वायर नेलेली. संडासाची भांडी फोडलेली, दरवाजांच्या चौकटी गायब, गच्चीतल्या टाकीला तडा. दुसऱ्या मजल्यावर मात्र एका खोलीसमोर दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता आणि पायरीवर मिरच्या पसरल्या होत्या. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चार वर्षं झाली. पाणी खालून हंड्याने आणतो. कोणी हाकलत नाही, कोणी नावावरही करत नाही." बाकी खोल्या रिकाम्या राहिल्या त्याचं कारण गावापासूनचं तीन किलोमीटर अंतर, न आलेली जलवाहिनी आणि लाभार्थ्यांनी न भरलेला हिस्सा.

तरीही पैशाच्या हिशोबात हीच वाट सगळ्यांत सरस आहे. समजा ऐंशी घरं दुरुस्त करायची आणि घरामागे एक लाख खर्च आला, तर ऐंशी लाख लागले. भाडं अडीच हजार धरा, म्हणजे महिन्याला दोन लाख. त्यातून रिकाम्या खोल्या, थकबाकी आणि देखभाल मिळून तीस टक्के वजा करा. हातात एक लाख चाळीस हजार. पाच वर्षांच्या आत पैसे फिटतात, आणि एक रुपयाचं कर्ज लागत नाही. जलवाहिनीचा खर्च वेगळा, पण तो कधीतरी करायचाच आहे.

अडचण पैशाची नाही, यादीची आहे. मूळ लाभार्थी कोण, कोणाचा हिस्सा जमा आहे, आत बसलेल्या कुटुंबांचं काय, हे सोडवायला मुख्याधिकाऱ्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांना वाईटपणा घ्यावा लागतो. नवी इमारत बांधायला भूमिपूजन असतं; जुनी यादी तपासायला कोणी नारळ फोडत नाही. म्हणून ही वाट मागे पडते.

वाट दुसरी: कर्ज काढून नवी इमारत

ताईंच्या विषयपत्रिकेवर हीच वाट होती. हिशोब मी त्यांना कागदावर मांडायला लावला. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच ठेवा.

जागा नगरपालिकेची, म्हणजे फुकट धरू. तीनशे चौरस फुटांची शंभर घरं. जिना, बोळ, टाकी, गटार धरून घरामागे आठ लाख, एकूण आठ कोटी. नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता साधारण ८ लाख ११ हजार. आता भाडं. तीन हजारांच्या वर गेलात तर ज्याच्यासाठी बांधतोय तोच येणार नाही. शंभर घरांचे तीन लाख, त्यातून मघासारखेच तीस टक्के वजा, उरले दोन लाख दहा हजार. दरमहा सहा लाखांची खोट, वर्षाला बहात्तर लाख. घरपट्टी-पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली वर्षाला सहा कोटी असलेल्या गावात हे बारा टक्के झाले. ते घंटागाडीच्या डिझेलमधून, रस्त्यावरच्या दिव्यांच्या बिलातून, ठेक्यावरच्या सफाई कामगाराच्या पगारातून जाणार. म्हणजे ज्यांना घर द्यायचं त्यांच्याच ताटातून.

अर्धा खर्च अनुदानातून आला तरी हप्ता चार लाखांवर राहतो आणि भाडं दोन लाख दहा हजारच. तरीही खोट आहेच. नव्या तंत्रज्ञानाने भाड्याची घरं बांधली तर केंद्राकडून चौरस मीटरला तीन हजार आणि राज्याकडून दोन हजार अशी मदत आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ठेवली आहे. आपल्या अठ्ठावीस चौरस मीटरच्या घराला ती एक लाख चाळीस हजार होते. आठ लाखांत एक लाख चाळीस हजार.

इमारत कुटुंबांऐवजी कॉट बेसिसवर दिली तर? एका खोलीत चार कॉट, कॉटमागे दीड हजार. शंभर खोल्यांचे सहा लाख, वजावट करून चार लाख वीस हजार. आता अर्धं अनुदान मिळालं तर चार लाखांचा हप्ता जेमतेम निघतो. म्हणून मी म्हणतो, कर्ज काढून बांधायचंच असेल तर कामगार वसतिगृह बांधा, तेही निम्मा खर्च अनुदानातून आल्याचं लेखी हातात पडल्यावर. कुटुंबाच्या घरांना कर्ज झेपत नाही.

कर्ज म्हणजे काय होऊ शकतं हे आपल्याच राज्यात एका गावाने भोगलं आहे.

जळगाव

जळगाव तेव्हा नगरपालिका होती. महापालिका झाली २००३ मध्ये. नव्वदच्या दशकात पालिकेने धडाक्याने योजना घेतल्या आणि हुडकोकडून, म्हणजे घरबांधणीला आणि शहरी कामांना कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून, एकामागून एक कर्जं उचलली. सगळी मिळून रक्कम १४१ कोटींच्या आसपास गेली. त्यातलीच एक घरकुल योजना, अकरा हजारांवर घरांची. ज्या जागांवर घरं बांधायची त्यांतल्या काही पालिकेच्या नावावरही नव्हत्या, बिनशेतीची परवानगी नव्हती, आणि ठेकेदाराला मात्र बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळाली. प्रत्यक्षात पूर्ण झाली ती जेमतेम दीड हजार घरं. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली, ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहारात ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली, तो न्यायालयाचा भाग.

नव्या नगरसेवकांनी त्या ४८ जणांमध्ये कोण होतं ते पाहावं. बरेचसे नगरसेवक होते. ठरावाला हात वर केलेले, सूचक-अनुमोदक म्हणून नाव लागलेले. सभेचं इतिवृत्त कायम झालं की तुमचा हात कागदावर उतरतो, आणि तो कागद वीस वर्षांनीही वाचला जातो.

गैरव्यवहार बाजूला ठेवला तरी कर्जाची कथा उरतेच. हप्ते थकले, व्याजावर व्याज चढलं, कर्ज वसुली न्यायाधिकरणाने तीनशे कोटींच्या वरची डिक्री दिली आणि महापालिकेची बँक खाती गोठली. खातं गोठलं म्हणजे काय होतं हे लेखा शाखेत बसलेल्याला विचारा. सफाई कामगाराचा पगार, पेन्शनर मावशींची पेन्शन, जलशुद्धीकरणाचं तुरटी-क्लोरिनचं बिल, सगळं एकाच दिवशी थांबतं. एका पिढीने काढलेल्या कर्जापायी त्या शहराने पुढची कितीतरी वर्षं खड्ड्यांतून ये-जा केली. जळगावचा दाखला मी जळगावकरांना हिणवायला देत नाही. त्यांनी सोसलं, बाकीच्यांनी त्यातून शहाणं व्हावं इतकीच इच्छा.

वाट तिसरी: जागा आपली, बांधकाम दुसऱ्याचं

नगरपालिकेने जागा पंचवीस वर्षांच्या मुदतीने द्यायची, बांधणाऱ्याने बांधायचं, चालवायचं, भाडं घ्यायचं, मुदत संपली की इमारत पालिकेची. केंद्राच्या त्याच २०२० च्या योजनेत हाही नमुना होता. भाडेवाढ दोन वर्षांनी आठ टक्के आणि पाच वर्षांत एकूण वीस टक्क्यांच्या आत, असं बंधनही होतं. पालिकेच्या डोक्यावर कर्ज नाही, हा मोठा फायदा.

पण बांधणारा धर्मादाय करायला येत नाही. मघाचा आठ लाख अकरा हजारांचा हप्ता त्यालाही भरायचाच आहे. म्हणून तो एकतर जास्त चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी मागतो, नाहीतर तळमजल्यावर दुकानं, नाहीतर पाच वर्षांनी विक्रीची मुभा. मुंबई महानगर प्रदेशात २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना निघाली होती, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या आणि बांधणाऱ्याला चार चटईक्षेत्र, म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम. ती घरं पुढे भाड्याची राहिली नाहीत. पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून २,४१७ घरं गिरणी कामगारांना सोडतीने दिली, २०१६ मध्ये. ती घरं ताब्यात मिळेपर्यंत मध्ये कोरोना आला, इमारती विलगीकरणाला गेल्या, मोडतोड झाली, आणि सोडत लागलेल्या म्हाताऱ्या कामगारांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

याच वाटेचं चांगलं रूप तमिळनाडूत आहे. श्रीपेरुम्बुदुरजवळ वल्लम वडगलला तिथल्या सरकारी औद्योगिक महामंडळाने सुमारे ७०६ कोटी खर्चून १८,७२० कामगार महिलांसाठी वसतिगृह बांधलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते सुरू झालं. फॉक्सकॉनच्या कारखान्यातल्या मुली तिथे राहतात. यात कळीची गोष्ट अशी की भाडं अठरा हजार जणींच्या दारात जाऊन गोळा करावं लागत नाही, एका कंपनीशी व्यवहार आहे. आपल्याकडची लहान नगरपालिका सातशे कोटींच्या जवळपासही जाणार नाही. पण शेजारच्या एमआयडीसीतल्या चार कारखान्यांकडून "आम्ही दोनशे कॉट दहा वर्षं घेऊ" असा करार आधी सही करून घेणं तिला जमण्यासारखं आहे. तो करार हातात असेल तर बांधणाराही नीट दर देतो आणि बँकही.

एक खबरदारी. पालिकेची जागा दीर्घ मुदतीने द्यायला १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे शासनाची मंजुरी लागते. ती यायच्या आधी इरादापत्र देऊ नका.

पैसे कुठून, याचीही तुलना

हुडको किंवा बँकेचं कर्ज सोपं दिसतं, मिळतंही, आणि शासनाची मंजुरी लागत असल्याने एक चाळणी तिथे आहे. पण चाळणी हप्ता भरत नाही. मोठ्या शहरांवरही हा बोजा कसा येतो ते छत्रपती संभाजीनगरात दिसलं. पाणीयोजनेतला महापालिकेचा स्वहिस्सा भरायलाच ८२२ कोटींचं हुडकोचं कर्ज मंजूर करावं लागलं. अनुदानाच्या योजनेत 'स्वहिस्सा' हा शब्द दिसला की तो कुठून येणार हे आधी विचारा.

रोखे, म्हणजे ठरलेल्या व्याजाने बाजारातून पैसे उचलणं, हा दुसरा मार्ग. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाण्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने दोनशे कोटी उभे केले. ते पुणं आहे. त्याचा मिळकतकर मोठा, पतमानांकन चांगलं. नगरपालिकेने एकटीने रोख्यांच्या नादी लागू नये. मात्र अनेक लहान पालिकांनी मिळून रोखे काढता येतात. तमिळनाडूत २००२ मध्ये तेरा लहानमोठ्या स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन तीस कोटी उभे केले, पंधरा वर्षांसाठी, सुमारे ९.२ टक्क्यांनी. प्रत्येक संस्थेचा हप्ता दरमहा वेगळ्या खात्यात आधी जमा व्हायचा, कमी पडला तर शासनाच्या अनुदानातून वळता व्हायचा, वर हमी. ते पैसे पाणी आणि सांडपाण्यासाठी होते, जिथे पट्टीचं उत्पन्न ठरलेलं असतं. घरांच्या भाड्यावर असं कोणी उभं केलेलं मला माहीत नाही, आणि आपल्याकडची भाडेवसुली पाहता करूही नये.

कारण वसुली. जकात १९९९ मध्ये गेली तेव्हापासून नगरपालिका शासनाच्या सहायक अनुदानावर पगार करतात, आणि स्वतःचं म्हणून जे उरतं ते घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. तुमच्या गावातल्या गाळ्यांची मागणी नोंदवही काढून बघा. मुदत संपून दहा वर्षं झालेले गाळे, पोटभाडेकरू, शंभर-दोनशे रुपयांवर अडकलेलं भाडं. मी अशा वह्यांच्या बेरजा केल्या आहेत. डाव्या बाजूची मागणी आणि उजव्या बाजूची वसुली यांत इतकं अंतर असायचं की बेरीज दोनदा तपासावी लागे. कमाई करणाऱ्या दुकानदाराकडून जी पालिका भाडं वसूल करू शकत नाही, ती कामगाराच्या कुटुंबाला थकबाकीपायी बाहेर काढणार आहे का? काढू नये असंच मला वाटतं. मग त्या भाड्यावर कर्ज उभारू नये, हे ओघाने आलं.

ठरावात काय असावं

ताईंना मी विषय फेटाळायला सांगितलं नाही. दुरुस्ती मांडायला सांगितलं. गावातल्या सर्व रिकाम्या घरकुलांची दारोदार मोजणी तीस दिवसांत व्हावी आणि यादी सूचनाफलकावर लागावी. दुरुस्तीचं अंदाजपत्रक नगर अभियंत्यांनी पुढच्या सभेला ठेवावं. कारखान्यांशी कॉटचे करार होईपर्यंत नव्या इमारतीचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मागवू नये. कर्जाचा भाग ठरावातून वगळावा, आणि पुढे कधी तो विषय आला तर हप्ता, अपेक्षित भाडं आणि दोन्हींतली खोट कोणत्या लेखाशीर्षातून भरणार याचं लेखापालांच्या सहीचं विवरण सोबत असावं. भाडेकरूशी नोंदणीकृत करार व्हावा. पालिकेच्या मालकीच्या जागेला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, त्यामुळे करारच भाडेकरूचं संरक्षण आहे; तो मराठीत असावा आणि त्याची प्रत त्याच्या हातात असावी.

सभेच्या आधी ताई स्वतः कनिष्ठ अभियंत्याला घेऊन त्यांच्या प्रभागाबाहेरच्या त्या घरकुलांत गेल्या. रात्री फोन आला. एकशे बारा घरांपैकी चौसष्टला कुलूप, एकोणतीस लाभार्थ्यांच्या ताब्यात, आणि एकोणीस घरांत यादीत नाव नसलेली कुटुंबं. "त्यांतल्या तिघीजणी आपल्याच ठेक्यावर झाडूकाम करतात, काका. त्यांना आधी करारनामा द्यायचा, असं दुरुस्तीत पहिलं कलम टाकलंय."